दीर्घ उकाराचा पॅनकेक

मी आयुष्यात एकच पदार्थ केला आहे, आणि तो पदार्थ होता की नव्हता याबद्दल आमच्या घरात अजून एकमत नाही. ही म्हणते, होता. मला खात्री नाही. तशी मला कशाचीच खात्री नसते. वरचं वाक्य लिहितानाही, घरात दोनच माणसं असतील तर 'एकमत' म्हणता येतं का, हे पाहायला मी उठून कोश काढला. कोशात माणसांची संख्या दिलेली नाही.

चौतीस वर्षं मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो. म्हणजे मजकूर छापण्याआधी त्यातल्या चुका लाल शाईने दाखवणारा माणूस. आमच्या इमारतीत मला सगळे 'वेलांटीकाका' म्हणतात. नोटीस बोर्डावरच्या सूचना मी उभ्या उभ्या दुरुस्त करतो, त्यावरून हे नाव पडलं. नाव मायेने ठेवलंय की वैतागाने, हे विचारायचं धाडस मी केलेलं नाही. प्रस्तुत प्रकरणात चूक मात्र वेलांटीची नव्हती, उकाराची होती.

अडीच महिन्यांपूर्वी हिच्या रक्तात साखर सापडली. 'सापडली' हा डॉक्टरांचा शब्द; जणू हिने ती कुठून तरी चोरून आणली होती. तेव्हापासून ही सकाळी टेबलाशी बसेनाशी झाली. सहा बदाम ओट्यापाशी उभ्याने खायचे, वर पाणी प्यायचं आणि कामाला लागायचं.

"अगं, बसून खा ना," मी एकदा म्हणालो.

"अहो, सहा बदामांसाठी खुर्ची काय ओढायची?"

तिचं बरोबर होतं. पण अडतीस वर्षं सकाळचा तो अर्धा तास टेबलाच्या त्या बाजूने ही बोलत आली आहे आणि या बाजूने मी ऐकत आलो आहे. मला बोलता येत नाही असं नाही. माझं वाक्य मनात तपासून होईपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो, एवढंच. ही एकटीच थांबते, आणि थांबते तेवढ्या वेळात स्वतःच बोलते. तो अर्धा तास गेल्यावर दिवसभरात माझ्या कानावर पडणारा सगळ्यात मोठा संवाद 'भंगार आहे का?' हा उरला. दोन महिने मी समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत टोस्ट खाल्ला आणि मग ठरवलं, की हिला बसावंच लागेल असं काहीतरी खायला करायचं. बशी, काटा, सुरी लागेल असं. माणूस उभ्याने काटा-सुरी चालवू शकत नाही. निदान पुस्तकांत तरी तसं कोणी करत नाही.

औषधांच्या फाइलमध्ये दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी दिलेला एक कागद होता. हिने तो न वाचताच ठेवून दिला होता. असले कागद वाचले की भूक लागते, असं तिचं म्हणणं. वर लिहिलं होतं, 'कमी कर्बचे पॅनकेक'.

कागद हातात आला आणि हात आपोआप लाल पेनाकडे गेला. 'कर्बचे' नव्हे, 'कर्बाचे'. पुढे तर भाऊगर्दीच होती. 'बदामाचे पिठ' – पीठ. 'चिमुटभर मिठ' – चिमूटभर मीठ. 'दोन अंडि' – अंडी. 'अर्धी वाटी फुल क्रीम' – फूल. शेवटचा अक्षर अकारान्त असेल तर आधीचा उकार दीर्घ, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण थांबा, 'शेवटचा अक्षर' नव्हे, 'शेवटचं अक्षर'. बघा, माझं हे असं आहे. एकूण तेवीस चुका निघाल्या. मला बरं वाटलं. निवृत्तीनंतर इतकी चांगली सकाळ गेली नव्हती.

मग मी कागद वाचला. तपासणं आणि वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तपासताना आम्ही अर्थाच्या फंदात पडत नाही. अर्थ लेखकाचा, उकार आमचा. आता वाचताना मात्र दोन ठिकाणी अडलो. पहिलं म्हणजे कर्ब. कोशात कर्ब म्हणजे कोळशाच्या जातीचं मूलद्रव्य. तेव्हा कमी कर्बाचे पॅनकेक म्हणजे न करपलेले, हे उघड होतं. एवढी साधी गोष्ट सांगायला आहारतज्ज्ञ कशाला लागतात, असं मनात आलं, पण शिकलेल्या माणसांबद्दल मी पटकन वाईट मत करून घेत नाही.

दुसरं अडलं ते फूल क्रीम. फुलांचं क्रीम मी कधी पाहिलं नव्हतं. पण मी काय काय पाहिलेलं नाही याची यादी मोठी आहे.

डेअरीत गेलो. हळूच विचारलं, "फूल क्रीम आहे का हो?"

"आहे की. किती देऊ?"

म्हणजे ही वस्तू जगात होती, सगळ्यांना माहीत होती, मलाच माहीत नव्हती. नेहमीप्रमाणे. डेअरीवाल्याने पिशवी पुढे सरकवली. मी ती नाकाशी नेली.

"याला वास येत नाही," मी म्हणालो.

"मग? येणार कसा?"

"म्हणजे... थोडा तरी यायला हवा ना?"

"काका," डेअरीवाला काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, "बावीस वर्षं दुकान चालवतोय. माझ्या मालाला वास येत नाही. आला तर पिशवी तोंडावर मारा माझ्या!"

मागे उभ्या असलेल्या दोघांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने पिशवी घेतली. विचार करता एकच निष्कर्ष निघाला. फुलांचं क्रीम हल्ली बिनफुलांचंच येतं. सगळ्याच गोष्टींचं तसं झालेलं आहे.

तरी खात्री करून घ्यावी म्हणून दवाखान्यात गेलो. आहारतज्ज्ञ बाईंना एकच गोष्ट विचारायची होती. काउंटरवरच्या मुलीने मान वर न करता विचारलं, "तपासणी, रिपोर्ट की बिल?"

"शंका," मी म्हणालो.

"शंकेचा फॉर्म भरा."

शंकेच्या फॉर्मवर 'शंकेचे स्वरुप' असं छापलं होतं. मी 'स्वरूप' केलं. पुढे चौकोन होते: औषध, रिपोर्ट, बिल, इतर. मी 'इतर'वर खूण करून कंसात 'फूल' लिहिलं आणि फॉर्म परत दिला.

"खाडाखोड चालत नाही, काका. दुसरा भरा."

दुसऱ्या फॉर्मवरही 'स्वरुप'च होतं. मी डोळे मिटून भरायचा प्रयत्न केला, खरंच केला, पण ज्या हाताने चौतीस वर्षं पगार मिळवला तो हात ऐकेना. तिसऱ्या फॉर्मच्या वेळी तिने मान वर केली.

"काका, तुमचा प्रॉब्लेम काय आहे नक्की?"

"ऱ्हस्व-दीर्घ," मी खरं ते सांगितलं. तिने ते आजाराच्या रकान्यात लिहून घेतलं. माझा लाल शाईने भरलेला कागद 'सोबत जोडायचा' म्हणून टाचणी लावून ठेवून घेतला, त्याची एक झेरॉक्स मला दिली आणि दहा दिवसांत उत्तर येईल असं सांगितलं. मी घरी आलो. दहा दिवस थांबायला हवं होतं हे मला आता कळतं. पण पिशवीतल्या क्रीमची तारीख रविवारची होती.

फुलं आपणच घालायची, हे ठरलं. कुठली, हे ठरत नव्हतं. खालच्या मजल्यावरच्या वहिनींची गॅलरी कुंड्यांनी इतकी भरली आहे की त्यांना स्वतःला तिथे उभं राहता येत नाही. त्यांच्याकडे गेलो.

"खायला फुलं?" वहिनी म्हणाल्या. "कोणाला?"

"हिला."

वहिनींचा चेहरा एकदम बदलला. "अगंबाई! काका, तुम्ही असे असाल असं वाटलं नव्हतं हो!" मी कसा, हे मला कळलं नाही. त्यांनी गुलाबाच्या मूठभर पाकळ्या दिल्या, वर लव्हेंडरच्या चार काड्या दिल्या, आणि फवारा मारलेला नाही याची शपथ घेतली. "थोड्याच घाला हं," म्हणाल्या. थोड्याच म्हणजे किती, हे विचारायच्या आत त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, बघा जरा, शिका काहीतरी!" त्यांचे यजमान आतून बाहेर आले आणि त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी जन्मात विसरणार नाही.

जिन्यात औषधवाले भेटले. यांचं पूर्वी औषधांचं दुकान होतं. दुकान गेलं, सल्ला राहिला. त्यांनी पाकळ्या हुंगल्या.

"साबण होणार," ते म्हणाले.

"काय?"

"फूल तापलं की साबणासारखं लागतं. त्याला उतारा आंबटाचा. संत्र्याची साल किसून घाला, लिंबाची घाला. पण वेलांटीकाका, फक्त वरचा रंगीत भाग हं! आतलं पांढरं घेतलंत तर कडू जहर."

मी मान डोलावली. मला सगळं समजलं होतं. समजलेलं हातात उतरत नाही, हा माझा जुना आजार आहे.

रविवारी सकाळी ही फिरायला गेली आणि मी स्वयंपाकघरात शिरलो. बदामाचं पीठ, अंडी, मीठ, सोडा, क्रीम. पाकळ्या चिरून घातल्या. 'थोड्या' हे माप आमच्या वाटीवर नव्हतं, म्हणून सगळ्या घातल्या. संत्रं किसायला घेतलं. वरचा रंगीत भाग कुठे संपतो आणि पांढरा कुठे सुरू होतो, हे चष्मा वाफेने धुरकटल्यावर ठरवणं अवघड असतं. पांढरं संपून रस आला तेव्हा मी थांबलो.

कर्ब टाळायचा म्हणून गॅस इतका बारीक ठेवला की दोनदा तो गेला. पहिला पॅनकेक वीस मिनिटं तव्यावर होता आणि वीस मिनिटांनंतरही तो पॅनकेक झाला नव्हता. तव्यावर सांडलेलं काहीतरी होता. उलटताना त्याचे तीन तुकडे झाले. दुसऱ्याला मी थोडा धीर केला आणि गॅस वाढवला. त्याला कर्ब आला. तिसरा एका बाजूने कच्चा आणि एका बाजूने करपलेला निघाला. सरासरी काढली तर तो बरोबर होता, म्हणून तोच बशीत काढला. टेबलावर काटा, सुरी, पाण्याचा पेला मांडला. समोरची खुर्ची थोडी मागे ओढून ठेवली.

ही आली. दारातच थांबली.

"अहो, साबण कोणी सांडला?"

मी खुर्ची आणखी थोडी मागे ओढली. ती आत आली, टेबलाकडे बघितलं, बशीकडे बघितलं, पाकळ्या दिसल्या. काटा हातात घेतला आणि उभ्यानेच एक तुकडा तोंडात घातला. बराच वेळ चावला. दोन पाकळ्या तिच्या ओठांशी अडकल्या होत्या.

"छान आहे," ती म्हणाली.

ही कधीच 'छान आहे' म्हणत नाही. हिला आवडलं तर ती म्हणते, 'मीठ कमी आहे'. नाही आवडलं तर म्हणते, 'मीठ जास्त आहे'. 'छान आहे' म्हणजे काय, हे मला कळेना. ती उभ्या उभ्याच सगळा पॅनकेक खाऊन आंघोळीला निघून गेली. माणसाला उभ्यानेही काटा-सुरी चालवता येते, ही माहिती मिळाली. बाकी पदरात काही पडलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सहा बदाम, ओट्यापाशी.

त्यानंतर चार दिवसांनी आहारतज्ज्ञ बाईंचा फोन आला.

"काका, तुमच्या सगळ्या दुरुस्त्या आम्ही घेतल्या. नवीन कागद छापलाही. इतकं बारकाईने कोणी बघत नाही हो. खूप आभार!"

चौतीस वर्षांत माझ्या दुरुस्तीबद्दल कोणी आभार मानले नव्हते. लेखक तर ओळखही दाखवत नसत. मी फोन ठेवून खिडकीत उभा राहिलो. शंकेचं उत्तर विचारायचं राहून गेलं, पण एवढ्या आनंदात शंका काढणं बरं दिसलं नसतं.

महिनाअखेरीस हिच्या तपासणीला दोघं गेलो. बसायच्या खोलीत बारा-पंधरा माणसं होती आणि बहुतेकांच्या हातात नवा कागद होता. तेवीसच्या तेवीस जागी माझी दुरुस्ती छापलेली. मी छाती थोडी पुढे काढून बसलो. हिला मात्र काही सांगितलं नाही. आपल्याच तोंडाने काय सांगायचं?

शेजारी एक निवृत्त बसचालक होते. ते पलीकडच्या बाईंना सांगत होते, "मी शेवंती घातली. दोन दिवस जिभेला चव नाही."

"तुमचं बरं म्हणायचं," बाई म्हणाल्या. "आमचे हे फुलवाल्याकडे जाऊन क्रीम मागून आले. त्यानं हाताला लावायचं दिलं."

"खाल्लंत?"

"मी नाही. ह्यांनी चाखलं."

तिसरे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या डेअरीवाल्यानं तर दारावर पाटीच लावलीय. 'येथे फुले मिळत नाहीत. कृपया वास घेऊ नये.'"

माझी छाती हळूहळू मागे आली. हिने बसचालकांकडून कागद मागून घेतला, चष्मा लावला, वाचला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, हा उकार तुमचा."

"छापील आहे तो," मी म्हणालो.

"असू दे छापील. अडतीस वर्षं वाणसामानाच्या यादीत बघतेय. मी 'मुग' लिहिते, तुम्ही त्याचा उकार ओढता. इथं 'फुल' होतं ना आधी?"

"हो. अशुद्ध होतं."

"अहो, फुल क्रीम! भरपूर सायीचं! बस फुल, टाकी फुल, तसं फुल!"

बसचालक म्हणाले, "बस फुल! बरोबर आहे ताईंचं!" आणि सगळी खोली माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो की नियमाप्रमाणे तेही दीर्घच लिहावं लागेल, कारण परका शब्दही आपल्यात आला की... पण माझं वाक्य तपासून होईपर्यंत सगळे हसत होते. ही हसत नव्हती. तिने कागद घडी घालून परत दिला आणि फक्त मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"म्हणजे ती फुलं माझ्यासाठी नव्हती."

मी औषधांची फाइल मांडीवर सरळ केली.

"मला वाटलं, एवढ्या वर्षांत ह्यांना एकदा सुचलं. खालच्या वहिनीसुद्धा मला तसंच म्हणाल्या. साबण लागत होता तरी मी सगळा गिळला. आणि ती फुलं उकारासाठी होती!"

माझ्याकडे यावर वाक्यच नव्हतं, तपासायलाही नव्हतं.

आत बोलावलं तेव्हा मी आहारतज्ज्ञ बाईंसमोर उभा राहून सगळं कबूल केलं. बाई हिच्याएवढ्या हसल्या नाहीत असं म्हणणार होतो, पण ही हसलीच नव्हती. बाईंचाही चेहरा उतरला. "मलाही वाटलं होतं, फूल कसं आलं," त्या म्हणाल्या. "पण तुमची लाल शाई बघितली आणि म्हटलं, आपलंच मराठी कच्चं असणार." तिथल्या तिथे मी शुद्धिपत्र लिहायला बसलो. मुद्रितशोधकाला स्वतःच्या दुरुस्तीचं शुद्धिपत्र लिहावं लागणं म्हणजे काय, हे बसचालकाला स्वतःच्याच बससमोर येऊन उभं राहिल्यावर कळेल. 'फूलऐवजी फुल वाचावे' लिहिलं, खोडलं. ते नियमात बसेना. शेवटी 'फुलांचा संबंध नाही' एवढंच लिहून दिलं. जाता जाता कर्ब म्हणजे काय तेही विचारून घेतलं. कर्ब म्हणजे कोळसा नव्हता. पिठा-साखरेतलं काहीतरी होतं. मी ते शुद्धिपत्रात घातलं नाही. तेवढी चूक घरातच राहिली होती.

दुसऱ्या दिवशी ही फिरायला गेल्यावर मी पुन्हा तवा ठेवला. या खेपेला गॅस मोठा, संत्र्याची साल दोनच फेरे, वरची. कागदावर फुलं नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. मी खाली गेलो, वहिनींची बेल वाजवली आणि मान खाली घालून तीन पाकळ्या मागितल्या.

ही आली तेव्हा पॅनकेक बशीत होता, गोलाच्या बऱ्याच जवळ गेलेला. ती ओट्यापाशी उभी राहिली. बदामाच्या डब्याकडे हात गेला होता, तो थांबला.

"कागदात फुलं नाहीत," ती म्हणाली. "कालच तुम्ही लिहून दिलंत."

"माहीत आहे."

"मग?"

मी वाक्य मनात मांडायला घेतलं. कर्ता कुठे, कर्म कुठे, काही जुळेना, आणि ती थांबली होती. "तुला घातली," मी म्हणालो.

हे वाक्य चुकीचं आहे. 'तुझ्यासाठी' हवं होतं. मी ते दुरुस्त करायला तोंड उघडलं, पण तोवर हिने खुर्ची ओढली होती. बसली, सुरीने एक तुकडा कापला, खाल्ला आणि म्हणाली, "मीठ कमी आहे." मग धाकट्या बहिणीच्या जावयाने नोकरी सोडली, तिथून सुरुवात केली. नोकरी का सोडली, हे येण्याआधी त्याच्या साहेबाचा स्वभाव आला, साहेबाच्या बायकोचा आला, ती पूर्वी कुठल्या घरात राहायची ते आलं. कोण कोणाचा कोण, मला काही कळत नव्हतं. बशी रिकामी व्हायला आली आणि जावई अजून राजीनाम्याच्या पहिल्या ओळीवर होता, तेव्हा मी हळूच उठलो आणि दुसरा टाकला.